लिबरेटरचे अवशेष: ३२ ने सुरू होणाऱ्या नंबरापासून विमानाच्या ओळखीपर्यंत

प्रश्न असा आहे: अरुणाचलच्या डोंगरात दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाचे तुकडे विखुरलेले आहेत. त्यांतल्या काहींवर ३२ ने सुरू होणारे नंबर ठोकलेले दिसतात. अमेरिकन कारखान्यांच्या उत्पादन-नोंदी आता पाहायला मिळतात, तर या नंबरांवरून हे नेमके कोणते विमान ते सांगता येईल का?

नुसत्या त्या नंबरांवरून नाही सांगता येणार. पण ते नंबर निरुपयोगीही नाहीत. फक्त ते कशाचे नंबर आहेत हे आधी नीट समजून घ्यायला हवे, कारण या कामातल्या निम्म्या चुका तिथेच होतात.

३२ हा कन्सॉलिडेटेड या अमेरिकन विमान-कंपनीचा मॉडेल क्रमांक. तिचे मॉडेल ३२ म्हणजे बी-२४ लिबरेटर हे चार इंजिनांचे बॉम्बर विमान आणि मॉडेल २८ म्हणजे कॅटलिना ही उडती नाव. भागावर ३२, मग एखादे अक्षर आणि पुढे अंक असतील, तर तो लिबरेटरच्या रेखाचित्राचा नंबर असण्याची शक्यता दाट. २८ दिसला तर कॅटलिनाचा विचार करा. पण हा झाला भाग क्रमांक, म्हणजे त्या आकाराच्या प्रत्येक तुकड्यावर तोच. लिबरेटर १८ हजारांहून जास्त बनली, त्यामुळे एकाच भाग क्रमांकाचे हजारो तुकडे जगभर पडलेले आहेत. त्याच्या शेजारी वर्तुळात किंवा चौकटीत एक-दोन अक्षरे नि अंक असतील तर तो तपासनिसाचा शिक्का. एएन ने सुरू होणारा नंबर बोल्ट-नट-जोडण्यांचा, सगळ्या अमेरिकन विमानांना सारखा. त्यावरून काही म्हणजे काही ठरत नाही. पत्र्यावर लांब ओळीत छापलेले अल्क्लॅड २४एस-टी हे पत्रा बनवणाऱ्या गिरणीचे छापकाम आहे. त्यावरून अमेरिकन धातू एवढेच कळते. उरतो तो अनुक्रमांक, त्या एकाच वस्तूचा. ओळख पटते ती फक्त यावरून, आणि तो मोजक्याच भागांवर असतो.

आता पहिली पायरी. लिबरेटरचे कुटुंब म्हणजे बॉम्बर असे लगेच धरू नका. आसाम-चीन हवाईमार्गावर, ज्याला सगळे ‘हंप’ म्हणतात, पडलेल्या विमानांत मालवाहू विमानेच जास्त होती. सी-८७ हे लिबरेटरचेच वाहतुकीचे रूप, फोर्ट वर्थच्या कारखान्यात बनलेले. सी-१०९ हे पेट्रोल वाहून नेणारे रूप तर तयार बॉम्बरमध्ये टाक्या बसवून केलेले. तिघांचेही पंख, इंजिने, चाके एकच, आणि ३२ चे नंबरही तेच. सी-१०९ चा घोळ आणखी वेगळा: त्याचा मूळ नंबर बॉम्बरचाच राहिला. कारखान्याच्या नोंदीत ते बी-२४ आणि अपघाताच्या नोंदीत सी-१०९ असे सापडते. दोन नोंदी जुळत नाहीत म्हणून बरोबर उत्तर फेकून दिले जाते ते इथेच. म्हणून मनोऱ्यांचे, म्हणजे मशीनगन बसवलेल्या फिरत्या घुमटांचे, अवशेष शोधा: फिरत्या मनोऱ्याचे दातेरी कडे, जाड काच, मशीनगनांचे पाळणे, काडतुसांच्या पन्हळी. काडतुसांचा ढीग, कड्या, बॉम्ब लटकवायच्या उभ्या चौकटी मिळाल्या तर बॉम्बर. कड्याकपाऱ्यांत फक्त पत्र्याच्या मोठ्या टाक्या मिळाल्या तर सी-१०९ कडे वळा.

इंजिनावरून गाळणी लावणे सोपे आहे, तरी तिथेही एक फसवी जागा आहे. लिबरेटरला प्रॅट अँड व्हिटनीचे आर-१८३०, दोन ओळींत १४ सिलिंडर. डाकोटा सी-४७ लाही हेच, कॅटलिनालाही हेच. सी-४६ ला आर-२८००, म्हणजे १८ सिलिंडर. बी-१७ ला एकाच ओळीत ९. तेव्हा १४ सिलिंडर मोजून झाले की टर्बोसुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या झोताने फिरून त्यात जास्त हवा कोंबणारे यंत्र, शोधायचा. लिबरेटरच्या प्रत्येक इंजिनाला एक, असे चार, इंजिनाच्या डोलाऱ्याखाली बसवलेले. उष्णता सोसणाऱ्या धातूची त्यांची चकती पाऊस-चिखलात ऐंशी वर्षे टिकते. डाकोटाला ती नाहीच. आर-१८३० मिळाले आणि टर्बोची एकही चकती, नळी, वळणदार धुराडे कुठेच नाही, तर लिबरेटरचा दावा थांबवा. ३२ चा नंबर असलेला एखादा तुकडा कुणीतरी दुसऱ्या ठिकाणाहून आणून टाकलेला असू शकतो. डोंगरातल्या गावांतून असे पत्रे भांड्यांना, छपरांना, कुंपणांना वापरले गेले आहेत.

बॉम्बर ठरला की प्रश्न येतो कारखान्याचा. लिबरेटर पाच ठिकाणी बनत होते, आणि प्रकाराच्या नावाच्या शेवटी (उदा. बी-२४जी-१-एनटी, यात जी हा प्रकार) कारखान्याची दोन अक्षरे येत: सॅन डिएगो सीओ, फोर्ट वर्थ सीएफ, फोर्डचे विलो रन एफओ, टल्साचे डग्लस डीटी, डॅलसचे नॉर्थ अमेरिकन एनटी. मधला आकडा ब्लॉकचा, म्हणजे एकसारख्या जडणघडणीच्या विमानांच्या तुकडीचा. ब्लॉक १, ५, १०, १५ असे पाचाच्या टप्प्याने वाढतात. मधले आकडे नंतर बदल करणाऱ्या केंद्रांसाठी मोकळे सोडलेले असत. म्हणून नोंदीत मध्येच १६ किंवा २१ दिसला तर ती छपाईची चूक समजू नका.

लष्करी नंबराची रचना अशी: आधी आर्थिक वर्षाचे दोन अंक, मग त्या वर्षातल्या मागण्यांचा क्रमांक. ४२-७३३०८ मधले ४२ हे विमान बनल्याचे वर्ष नाही, पैसे मंजूर झाले ते वर्ष. हे विमान उडायला लागले १९४३ मध्ये. शेपटीवर रंगवताना पहिला अंक आणि रेघ गाळत: २७३३०८. याचा उपयोग मोठा आहे, कारण क्रमांकांच्या पट्ट्या एकेका कारखान्याला सलग दिलेल्या होत्या. डॅलसची बी-२४जी ४२-७८०४५ ते ४२-७८४७४, एकूण ४३०. त्याला लागूनच डॅलसची जे ४२-७८४७५ पासून. फोर्डची एल ४४-४९००२ ते ४४-५०२५१, एकूण १,२५०, आणि पुढच्याच क्रमांकापासून फोर्डची एम. सॅन डिएगोची एल ४४-४१३९० ते ४४-४१८०६. शेपटीच्या तुकड्यावर २७८१ एवढे चार अंक सुरुवातीचे मिळाले तरी डॅलस नक्की आणि जी प्रकार नक्की.

शेवटचे अंक मिळाले तर गणित उलटे चालवा. शेवटचे तीनच अंक असतील तर १८ हजार विमानांत तेवढ्याच शेवटाची साधारण १८ निघतात. चार असतील तर दोन. मग त्या यादीतून भारत-चीन-ब्रह्मदेश आघाडीवर कोण गेले होते आणि तिथे कोण हरवले ते पाहायचे, बहुतेक वेळा एकच उरते. एकही उरले नाही, तर अंक चुकीचा वाचला गेलाय हे पहिले गृहीतक. ३ आणि ८, १ आणि ७, ६ आणि ० हे स्टेन्सिलच्या तुटक अक्षरांत हमखास गोंधळतात. स्टेन्सिलमध्ये अक्षरांना मध्ये पूल असतात. रंग उडाल्यावर ८ चा पूल आणि ३ ची उघडी बाजू सारखीच दिसते.

भाग क्रमांकांवरून कारखाना ठरवणे मात्र जपून. फोर्डने कन्सॉलिडेटेडची रेखाचित्रे आपल्या पोलादी साच्यांच्या पद्धतीसाठी नव्याने काढली आणि पूर्ण विमानांखेरीज सुटे जोडसंचही बनवले. ते टल्सा आणि फोर्ट वर्थला जाऊन तिथे जोडले गेले. त्यामुळे फोर्डच्या तपासनिसाचा शिक्का असलेला सांगाडा टल्साच्या विमानात अगदी सहज सापडतो. शिक्का सांगतो तो तुकडा कुठे तपासला गेला ते. विमान कुठे पुरे झाले ते नव्हे. तेव्हा एका शिक्क्यावर निकाल नको. वेगवेगळ्या मोठ्या जोडण्यांवरचे, म्हणजे पंखाचा मधला भाग, धडाचा मागचा भाग, शेपूट, असे निदान तीन ठिकाणचे शिक्के एकत्र मांडा. सगळे एकाच कारखान्याचे निघाले तर अंदाज बळकट, मिश्र निघाले तर जोडसंचाची शक्यता खुली ठेवायची.

जडणघडणीवरून प्रकार ओळखणे जास्त भरवशाचे वाटते. डी ला पुढे काचेचे नाक, मनोरा नाही. एच पासून नाकात मनोरा आला. फोर्डच्या एच आणि जे ना इमर्सनचा ए-१५, तर सॅन डिएगोच्या सुरुवातीच्या जे ना शेपटीत असतो तसा कन्सॉलिडेटेडचा ए-६. डॅलसच्या पहिल्या २५ जी ना नाकाचा मनोरा नव्हताच, हा अपवाद लक्षात असू द्या. वरचा मनोरा मार्टिनचा, पोटातला गोल स्पेरीचा, शेपटीतला ए-६ जातीचा. मनोऱ्याच्या चौकटीवर बनवणाऱ्याची पाटी असते आणि ती बहुधा शाबूत असते, कारण चौकट जाड. जे चे आणखी एक लक्षण म्हणजे सी-१ स्वयंचालक (ऑटोपायलट). एच ला ए-५ होता. त्याच्या पेट्यांवरच्या पाट्या बारीक असतात, पण मिळाल्या तर एच की जे हा वाद तिथेच संपतो.

यापुढे ब्लॉकपर्यंत नेणारे साधन म्हणजे त्या काळची भागसूची. टेक्निकल ऑर्डर, म्हणजे अमेरिकन हवाईदलाच्या तांत्रिक सूचना, त्या मालिकेतली ही जाडजूड चित्रमय पुस्तके. त्यांत प्रत्येक भागापुढे तो कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतच्या विमानांना बसतो ते दिलेले असते. ३२ च्या नंबराचा खरा उपयोग इथे होतो. एक भाग म्हणतो अमुक विमानापासून पुढे, दुसरा म्हणतो तमुक विमानापर्यंतच. दोन्ही अटी जिथे एकत्र लागू होतात ती पट्टी उचलायची. पाच-सहा असे भाग, आणि तेही वेगवेगळ्या यंत्रणांतले (हायड्रॉलिक, इंधन, विद्युत, नियंत्रणाच्या तारा), घेतले तर पट्टी एक-दोन ब्लॉकवर येते. नंबराच्या शेवटची रेघ आणि त्यापुढचा आकडा कधीही सोडू नका. बदल तिथेच नोंदलेला असतो, आणि छायाचित्रात नेमका तोच कापला जातो. भाग एखाद्या दुरुस्तीत नंतर बसवलेला असेल तर तो पट्टीच्या बाहेर पडतो. सहापैकी एक विसंगत निघाला तर घाबरू नये. तीन निघाले तर सुरुवातीपासून पाहावे.

रंगही तारीख सांगतो. वरून गडद हिरवट, खालून करडा रंग हा १९४४ च्या सुरुवातीपर्यंतचा. त्यानंतर कारखान्यातून विमाने बिनरंगाची, उघड्या धातूची येऊ लागली. शेपटीचा नंबर हिरव्यावर पिवळा, उघड्या धातूवर काळा. निळ्या वर्तुळातल्या ताऱ्याला दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या पट्ट्या जून १९४३ अखेर आल्या, तेव्हा कड लाल होती. सप्टेंबरमध्ये ती निळी झाली. लाल कडेचा तुकडा म्हणजे त्या उन्हाळ्याच्या आसपासचे रंगकाम. फक्त तळावर पुन्हा रंगवण्याची सवय असल्याने हा पुरावा दुय्यम धरा.

आता अनुक्रमांक असलेल्या जागा, भरवशाच्या क्रमाने. पायलटसमोरच्या फळीवरची रेडिओ-कॉलची छोटी पाटी, हिच्यावर शेपटीचाच नंबर असतो. विमानाची मुख्य माहिती-पाटी कॉकपिटमध्ये. नाकाच्या डाव्या बाजूला कॉकपिटखाली बारीक स्टेन्सिलचा मजकूर: प्रकार, ब्लॉक, कारखाना आणि पूर्ण नंबर. हा मिळाला तर बाकी काही लागत नाही, पण नाकच पहिले चुरगळते, म्हणून घडी पडलेल्या पत्र्यांच्या आत पाहावे. शेपटीच्या दोन उभ्या पाती, बाहेरच्या बाजूंनी. पाती बऱ्याचदा धडापासून सुटून दूर पडतात आणि त्यामुळेच वाचतात. त्यानंतर पंखाच्या मधल्या भागातले कारखान्याचे अनुक्रम. बाहेरचे पंख तळावर बदलले जात, त्यांच्यावर फार विसंबू नये. पंख्याच्या पात्यांवर तर नकोच.

इंजिनांबद्दल लोकांची मोठी गैरसमजूत आहे. कारखान्यातून निघताना कोणती इंजिने लावली होती ही नोंद मिळाली तरी ती बहुतेक वेळा उपयोगाची नसते, कारण काही शे तासांनी इंजिन उतरवून दुसरे चढवत. चार इंजिने, वर्षभराची सेवा: मूळ एकही उरलेले नसणे सामान्य. म्हणून सांगाडा उत्पादन-नोंदीशी ताडायचा, आणि इंजिने व मशीनगना हरवल्याच्या अहवालाशी. १९४३ च्या मध्यापासून अमेरिकन हवाईदल हरवलेल्या प्रत्येक विमानाचा ‘मिसिंग एअर क्रू रिपोर्ट’ भरत असे. त्यात कर्मचाऱ्यांच्या नावांबरोबर चारही इंजिनांचे आणि बसवलेल्या मशीनगनांचे नंबर टाइप केलेले असतात, म्हणजे पडताना जे बसवलेले होते तेच. हे अहवाल अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. प्रत्येक विमानाचे सेवापत्रक, म्हणजे कारखान्यातून ताब्यात कधी घेतले, कोणत्या तळावर गेले, कधी नोंदीतून कमी केले, हे अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरच्या ऐतिहासिक संस्थेकडे सूक्ष्मपटावर मिळते.

इंजिनाचा नंबर वाचताना दोन गोष्टी. ब्यूकने बनवलेल्या आर-१८३० ना बीपी, शेव्हरलेने बनवलेल्यांना सीपी हा उपसर्ग असतो, तो अंकांसोबत लिहून घ्या. आणि काही इंजिनांना लष्करी नंबर वर्षाच्या अंकासकट असतो, ४२-अमुक असा. तो हुबेहूब विमानाच्या नंबरासारखा दिसतो. इंजिनाच्या पाटीवरचा ४२ चा नंबर विमानांच्या यादीत शोधल्यावर भलतेच विमान मिळते, कधी शिकाऊ विमान, कधी ग्लायडर. मशीनगनच्या बाबतीत मुख्य पेटीवरचा नंबर घ्यायचा. नळी बदलती असते. अहवाल टाइप करणाऱ्या कारकुनाच्या हातून अंक उलटसुलट झालेले असतात. एका अंकाचा फरक असेल तर तो पुरावा रद्द होत नाही, मात्र जोडीला दुसरा नंबर तंतोतंत जुळायला हवा. किमान कसोटी अशी ठेवावी: सांगाड्याचा एक आणि इंजिन किंवा मशीनगनचा एक, असे दोन स्वतंत्र नंबर एकाच विमानाकडे बोट दाखवणारे.

याच प्रदेशातले उदाहरण ‘हॉट अ‍ॅज हेल’ या टोपणनावाच्या बी-२४जे चे. ३०८ व्या बॉम्ब ग्रुपचे ४२-७३३०८, सॅन डिएगोचे. हा गट चीनमध्ये तळ ठोकून होता आणि आपले पेट्रोल नि बॉम्ब स्वतःच हंपवरून वाहून नेई, म्हणून त्याची विमाने लढाईपेक्षा डोंगरात जास्त धोक्यात असत. २५ जानेवारी १९४४ ला चीनमधल्या कुनमिंगहून आसामातल्या छाबुआला येताना खराब हवामानात ते आठ जणांसह हरवले. २००६ मध्ये डामरोजवळ अवशेष सापडले, पुढे अमेरिकन पथकाने उत्खनन केले आणि २०१७ मध्ये एका अधिकाऱ्याची ओळख जाहीर झाली. विमान ओळखता आले म्हणून कोणाचे अवशेष शोधायचे ती नावांची यादी हातात होती. लिबियाच्या वाळवंटातले ‘लेडी बी गुड’ याच्या उलट टोकाचे: कोरड्या हवेत शेपटीवरचा १२४३०१ लखलखीत, तो ४१-२४३०१ असा उलगडला की झाले. अरुणाचलात तशी चैन नाही.

ब्रिटिश हवाईदलाची लिबरेटरही बंगालमधल्या तळांवरून उडत होती. त्यांना दोन अक्षरे आणि तीन अंकांचा ब्रिटिश नंबर, पण आतल्या पाटीवर मूळ अमेरिकन क्रमांक. दोन्हींची सांगड लावणाऱ्या याद्या आहेत; अवशेषात एक मिळाला की दुसरा काढता येतो. युद्ध संपल्यावर कानपूरला टाकून दिलेल्या ब्रिटिश लिबरेटरमधून बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने चाळीसेक विमाने पुन्हा उडती केली. भारतीय हवाईदलाने ती १९६८ पर्यंत वापरली, पाचव्या स्क्वॉड्रनने त्यांची सुरुवात कानपूरहून केली. आज जगातल्या संग्रहालयांत असलेली बरीच लिबरेटर इथूनच गेली. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमचे केएन७५१, म्हणजे फोर्डचे ४४-५०२०६, त्यांतलेच. टाकलेल्या अनेक सांगाड्यांतून एक विमान उभे राहिले असल्याने अशा विमानावर तीन-चार वेगवेगळ्या अनुक्रमांकांचे भाग सापडणे स्वाभाविक आहे. अवशेष १९४८ नंतरच्या भारतीय विमानाचे असतील तर वरची सगळी कारखान्याची गाळणी ढिली पडते, हे आधीच तपासून घ्या.

जागेवर काम करताना तारेचा ब्रश, वाळूचा कागद, लिंबू-चिंच, कसलेही आम्ल नको. ठोकलेला नंबर टिकतो पण शाईचा शिक्का आणि स्टेन्सिल एका घासण्यात जातो. पाणी, मऊ ब्रश, मग सुकू द्यायचे. टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश पाडा आणि चारही बाजूंनी फोटो घ्या. समोरून फ्लॅश मारल्यास खोलगट अंक नाहीसे होतात. उथळ ठशांवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली की नंबर उमटतो. फोटोत मोजपट्टी हवी. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, जीपीएसचे अक्षांश-रेखांश, तो विमानाचा कोणता भाग वाटतो ते, आणि नंबर जसा दिसतो तसा. शंकास्पद अंकाच्या जागी प्रश्नचिन्ह टाका, अंदाजाने भरू नका. मनात एखादे विमान ठरवून नंबर वाचायला बसले की डोळा हवा तोच अंक पाहतो. म्हणून वाचणारा आणि याद्यांत शोधणारा अशी दोन माणसे वेगळी असलेली बरी.

बॉम्ब, फ्यूज, काडतुसे, प्राणवायूच्या बाटल्या यांना हात लावू नये. स्थानिक पोलीस आणि लष्कराला कळवायचे. घड्याळांच्या चकचकीत तबकड्यांवर रेडियमचा रंग असतो, त्या फोडू, खरवडू किंवा खिशात घालू नयेत. बाहेरून येणाऱ्या भारतीयांना अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट लागतेच. हाड, बुटाचा तळ, ओळखपत्राची बिल्ला-साखळी, पॅराशूटची कडी असे काही दिसले तर खणणे तिथेच थांबवा, जागा न हलवता फोटो आणि अक्षांश-रेखांश घ्या आणि जिल्हा प्रशासनाला द्या. अमेरिकन सैनिकांचे अवशेष त्यांच्या संरक्षण खात्याची युद्धकैदी व बेपत्ता विभागाची संस्था भारत सरकारमार्फत हाताळते. तिला पाठवायच्या कागदांत तुमचा निष्कर्ष शेवटी आणि नंबरांची कच्ची यादी, प्रश्नचिन्हांसकट, आधी असू द्या.